हवेचा पाईप

बाबासो पिसाळांनी मोरीच्या जाळीला कान लावला आणि श्वास रोखून ते तसेच पालथे पडून राहिले. लुंगी गुडघ्यांच्या वर खोचलेली, एक गाल ओल्या फरशीवर. दारात राहीबाई पदराचा बोळा नाकाशी धरून उभ्या होत्या.

"आलं का काय ऐकू?"

"गप जरा."

वरच्या कुठल्याशा मजल्यावर संडासाची साखळी ओढली गेली. पाणी भिंतीपलीकडच्या पाइपातून धडधडत खाली आलं आणि त्याच्या मागोमाग जाळीखालून आवाज निघाला. गुडूक, गुडूक, गुड्‍गुड्‍गुडूक. दोन मोठे बुडबुडे बाबासोंच्या कानातच फुटले. मग वास आला, असा की बाबासो ताडकन उठून बसले आणि ठसकले.

"भूत न्हाई," ते म्हणाले. "पर काय हाय ते बी कळंना."

"रोज तीन बादल्या वतती. फिनेल झालं, मीठ झालं, कापूर जाळून झाला." राहीबाईंनी पदर काढला नाही, त्यामुळे शब्द गुदमरून येत होते. "आता सांगून ठिवती. बेंदराला गावी जाती ती तिकडंच राहती. बैलाच्या गोठ्यात बरं वाटतं ह्याच्यापरास."

बेंदूर, बैलांचा सण, आठ दिवसांवर होता. कानातलं पाणी झटकायच्या निमित्तानं बाबासोंनी मान दुसरीकडे केली, एवढंच.

त्यांना भीती वाटत होती. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेताना न डगमगणारा माणूस, पण बायको परत जाईल या विचारापुढं त्यांचं काही चालत नव्हतं. आणि भीती का वाटू नये? लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यातली एकवीस दोघांनी दोन टोकांना काढली होती. ते मशीद बंदरला हमाली करत, चौदा जणांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपत. ती पाटणच्या पुढं डोंगरात, सासू आणि शेत सांभाळत. किराण्याचा बाजार वाशीला हलला तसे बाबासोही खाडी ओलांडून आले आणि जुईनगरला तळमजल्याची दोन खोल्यांची जागा घेतली. पुढच्या वर्षी सासू गेली, मुलगा शिवतेज शेतीत उभा राहिला, आणि गेल्या दिवाळीत राहीबाई भांड्यांची दोन पोती घेऊन मुंबईच्या बाजूला प्रथमच राहायला आल्या. चाळिशी उलटल्यावर दोघांचा संसार सुरू झाला म्हणा ना. रात्री एकमेकांचं घोरणंसुद्धा त्यांना नवीन होतं.

बाबासोंनी पहिल्याच दिवशी बायकोला चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ही साहेबलोकांची बिल्डिंग आहे. जिन्यात मिसरी लावत बसायचं नाही. हाका मारून बोलायचं नाही. सुकट भाजायची नाही. राहीबाईंनी मान डोलावली होती. गावाकडची सून, नवरा सांगेल ते पाळायची सवय हाडीमासी. तरी वैशाखापासून हे मोरीचं लागलं ते लागलंच.

आणि लोक काय, बोलायला मोकळे. पहिल्या मजल्यावरच्या सुनयनाबाई तळमजला ओलांडताना रुमाल काढत. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर राऊळ मूळचे मालवणकडचे, तिसऱ्या मजल्यावर राहत, पोस्टातून निवृत्त झालेले. ते एकदा जिन्यातच म्हणाले होते, "काय बाबासो, गटारी अमावास्येला अजून महिना आहे, तुमच्याकडे आत्तापासूनच?" आजूबाजूचे हसले. बाबासोही हसले, आणि घरात आल्यावर त्यांनी पायातली चप्पल भिंतीवर मारली.

सदू प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. डोक्यावर टक्कल, कानात विडी, जगातल्या सगळ्या संडासांशी जुनी ओळख असल्यासारखा चेहरा. त्यानं जाळी उचकटली, बॅटरी मारली आणि मान हलवली.

"पाणी खेचतंय."

"कोण?"

"बघा काका. हिकडं खाली वाकडं भांडं हाये. त्यात चार बोटं पाणी कायम उभं पायजे. ते पाणी म्हंजे दार. गटाराची हवा त्याच्या पलीकडं, तुमी अलीकडं. वरनं कोणी फ्लश मारला की पाइपात हवा कमी पडते, मग ती तुमचं हे पाणी ओढून घेते. पाणी गेलं, दार उघडं. वास डायरेक्ट घरात."

"मंग पाणी वतायचं."

"ओता की. पुढचा फ्लश आला की परत खलास."

बाबासोंनी डोकं खाजवलं. पाणी म्हणजे दार, हे कसंबसं घशाखाली उतरत होतं. सदू त्यांना बाहेर, बिल्डिंगच्या मागच्या बोळात घेऊन गेला. भिंतीवरून दोन पाईप वर चढले होते, एक जाड, एक बारीक.

"ह्यो जाडा मैल्याचा. आणि ह्यो बारीक हवेचा."

"बारक्यातनं काय जातं?"

"काय नाय. हवा."

"काय जात न्हाई तर बसवला कशाला?"

"हवा जाते ना काका!"

"हवेला पाईप? हवा काय नळातनं येती व्हय?"

सदूनं विडी कानातून काढली, पुन्हा कानात खोचली. मग त्याला काहीतरी सुचलं. "तुमी बाजारात तेलाचे डबे उचलता ना? डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं?"

"कसं येतंय? आडून आडून. गुडूक गुडूक..." बाबासो बोलता बोलता थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं त्यांनी हा आवाज ऐकला होता. नवा नोकर डब्याला एकच भोक पाडायचा, आणि शेठ ओरडायचा, 'अरे, हवेला दुसरं पाड!' "आता गं बया," ते म्हणाले. "दुसरं भोक!"

"बरोबर. हा बारका पाईप म्हंजे तुमचं दुसरं भोक. वर गच्चीपर्यंत जातो आणि उघडा राहतो. चार मजल्याला दोन इंची, कमीच पडणार. तीन इंची टाकायला लागेल, वेगळा. सोसायटीला सांगा."

एवढं कळल्यावर बाबासोंना वाटलं, आता सुटलो. कसलं काय! मीटिंगमध्ये गेले आणि होतं नव्हतं तेवढं कळलेलंही निसटलं.

मीटिंग रविवारी राऊळांच्या हॉलमध्ये भरली. दुसऱ्या मजल्यावरचा अरविंद तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. तो ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि एक जाड पुस्तक घेऊन आला. त्यानं बिल्डिंगची मागची बाजू रेखून आणली होती, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीनं नवा पाईप.

"किती संडास, किती मोऱ्या, त्यावरून हिशेब निघतो," तो सांगू लागला. "मग पाइपाची लांबी धरायची. लांबी वाढली की व्यास वाढवायचा. प्रत्येक वाकणाला हवेची अडचण होते, तेही धरायचं. आडवा भाग असेल तर थोडा चढता ठेवायचा, नाहीतर आत पाणी साचतं आणि हवा अडते."

"हवेला चढ लागतो?" बाबासोंनी विचारलं.

"हवेला नाही. पाण्याला उतार."

"पर त्यात पाणी जातच न्हाई म्हणला न्हवं?"

अरविंदनं पेन्सिल खाली ठेवली. राऊळ म्हणाले, "बाबासो, ते टेक्निकल आहे. तुम्ही ऐका फक्त."

बाबासोंनी ऐकलं. अडीच इंची की तीन इंची, यावर अर्धा तास गेला. डावीकडून न्यावा तर सुनयनाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून जात होता. त्या म्हणाल्या, "माझ्या फोडणीत तुमच्या संडासाची हवा नको." उजवीकडून न्यावा तर राऊळांच्या गॅलरीला लागत होता. राऊळ म्हणाले, "तत्त्वतः माझी हरकत नाही, पण मिसेसना दमा आहे." कोणीतरी सुचवलं, पाईप गच्चीपर्यंत नेऊच नये, पहिल्या मजल्यावरच संपवावा. त्यावर पहिल्या मजल्यानं एकमुखानं आरडाओरडा केला. मग कुणी म्हणालं, तोंड खाली वळवा. कुणी म्हणालं, तोंडच बंद करा. अरविंद दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. थोडक्यात काय, पाईप सगळ्यांना हवा होता आणि कुणालाच आपल्या भिंतीवर नको होता.

"मूळ मुद्दा असा," सुनयनाबाई शेवटी म्हणाल्या, "की खालची मंडळी मोरीत काय काय टाकतात ते आधी बघायला हवं."

राहीबाई तिथं नव्हत्या हे बरं झालं. सहा-सहा वेळा फरशी घासून तिच्या नखांना चिरा गेल्या होत्या, हे यांना कोण सांगणार? बाबासो उभे राहिले. मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचं नसतं, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"मी अडाणी माणूस. चौथी शिकल्याला. मला इंच कळत न्हाईत, चढ कळत न्हाई. पर एक सांगा. मी जागा घेऊन दोन वर्सं झाली. पयल्यांदा वास नव्हता. वैशाखापास्नं सुरू झाला. पाईप तवा बी दोन इंचीच हुता. मंग काय त्यो उन्हानं आटून बारीक झाला व्हय?"

अरविंदनं पुस्तक मिटलं.

"हे बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "पाईप तोच, माणसं तीच. काहीतरी बदललं असणार."

"कुणीतरी काहीतरी केलंय," बाबासो म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बाजारातला झाला होता. "ज्यानं केलंय त्याला मी सोडायचो न्हाई. सगळ्यांच्या म्होरं सांगतो. माझं घर उठाया लागलंय हितं. माझी बायको निघाली गावाला!"

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पण बोलून चुकले होते. पाइपाचं वरचं तोंड बघायला राऊळांनी खिळ्यावरची गच्चीची किल्ली काढली.

कुरडया-पापडाचा हंगाम संपला की राऊळ गच्चीला कुलूप घालत, ते थेट दिवाळीला काढत. त्यामुळे दोन महिने वर कुणी फिरकलं नव्हतं. फरशीवर शेवाळ चढलं होतं. सदूला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं, तो पुढे. मागे राऊळ, अरविंद आणि बाबासो. पाण्याच्या टाकीला वळसा घालून सदू थांबला आणि त्यानं एक शिवी हासडली.

टाकीमागे हवेचा पाईप कंबरेएवढा वर आला होता. त्याच्या तोंडावर एक तांब्या पालथा बसवलेला होता, तांब्याचाच, पावसानं हिरवा पडलेला. सदूनं तो पिळून ओढला. खाली पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा गच्च कोंबलेला होता. धूळ आणि ओल यांनी तो दगडासारखा झाला होता. सदूनं स्क्रू-ड्रायव्हर खुपसून तो उपसला तेव्हा पाइपातून हुश्श करून हवा बाहेर आली. चौघेही एक पाऊल मागे सरकले.

"घ्या," सदू म्हणाला. "तीन इंची कशाला, दोन इंची पण बंद होता. डब्याला बूच."

"कोण हा शहाणा?" राऊळांनी तांब्या उचलला. "पण कळेल, आत्ता कळेल. आपल्याकडे भांडं म्हटलं की त्यावर नाव असणारच." त्यांनी खिसे चाचपले. "च्यायला, चष्मा खाली राहिला. बाबासो, तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा."

बाबासोंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. अंगठ्यानं त्यांनी काठाखालचं शेवाळ पुसलं. खिळ्याच्या ठोक्यांनी टिंबाटिंबांची काढलेली अक्षरं एकेक करून वर येऊ लागली. पण नाव वाचायच्या आधीच त्यांना तो पोचा दिसला, तांब्याच्या पोटाला पडलेला, वरातीत बैलगाडीतून पडल्यावर पडलेला. मग अक्षरं लागली. 'चि. सौ. कां. राही हिस मामाकडून.'

पावसाचं पाणी टाकीवरून टपटपत होतं. बाबासोंना काहीच कळेना. ही इथं कशाला येईल? आपल्याच मोरीचा श्वास आपणच कशाला कोंडेल? त्यांनी अक्षरं पुन्हा वाचली, उलटी वाचली, जणू तशानं दुसरं काही निघेल.

"काय लिहिलंय?"

"पुसलंय," बाबासो म्हणाले. "लागत न्हाई."

"दाखवा बघू, मला दिसेल." अरविंदनं हात पुढे केला. बाबासोंनी तांब्या दिला नाही. त्यांचा अंगठा त्या ओळीवर घट्ट बसला होता.

राऊळांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग बाबासोंच्या चेहऱ्याकडे.

"राहू दे, अरविंद," ते म्हणाले. "जुनं नाव आहे. लागायचं नाही. बाबासो, तुम्हीच न्या खाली, मोडीत तरी घाला." आणि सदूकडे वळून उगाचच मोठ्यानं, "वर जाळीची टोपी बसव रे याला. परत कुणी काही घालायला नको."

खाली घरात राहीबाई पिशवी भरत होत्या. बाबासो सरळ मोरीत गेले, चिंचेनं तांब्या घासू लागले. हिरवं गेलं, लाल आलं. त्यांनी तो पाण्यानं भरला आणि बायकोसमोर ठेवला.

राहीबाईंचा हात पिशवीतच थांबला.

"ह्यो कुठं गावला?"

"तुला ठावं हाय."

त्या खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिल्या.

"कुरडया घालाया गेलते न्हवं का वर. सगळ्या बाया हुत्या. त्यो पाईप सुनयनाबाईंच्या खाटंजवळ. त्या म्हणल्या, शी, खालनं येतोय वाटतं वास. खालनं म्हंजी आपणच की. तळाला दुसरं कोण हाय? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारकं झालं. समद्या गेल्यावर मी जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. कावळं काढतील म्हणून वरनं तांब्या घातला. मागनं आणाया गेले तर दाराला कुलूप."

"अगं, मंग मला सांगायचं."

"काय सांगायचं? किल्ली मागाया गेल्यावर इचारलं असतं, कशाला पायजे." त्यांनी वर पाहिलं. "आन तुमीच म्हणला हुता की. आल्या दिवशी, हितंच बसून. आपला वास वर जाता कामा नये."

बाबासो सुकटीबद्दल बोलले होते. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

तेवढ्यात वर कुणीतरी साखळी ओढली. पाणी धडधडत खाली आलं, गेलं. दोघंही मोरीकडे बघत राहिले. जाळीखालून काही आवाज आला नाही. बुडबुडा नाही, वास नाही.

"त्यो बोळा काढला आमी," बाबासो म्हणाले.

राहीबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजी हे समदं... मीच केलं? माझ्याच हातानं?"

"न्हाई," बाबासो म्हणाले. "तू न्हाई, राही. तू न्हाई."

त्यांनी दांडीवरची कापडी पिशवी ओढली, छत्री घेतली आणि बाहेर पडले. राहीबाईंना वाटलं, एसटीचं तिकीट काढायला गेले. पण अर्ध्या तासात ते परतले आणि वर्तमानपत्राची एक पुडी ओट्यावर ठेवली. उघडायची गरज नव्हती. पुडी स्वतःच सांगत होती.

"भाज. कांदा जास्ती घाल."

"आवं, सुकट? हितं?"

"भाज म्हणतोय न्हवं. आन बेंदराला दोघं जाऊ, तिसऱ्या दिवशी माघारी येऊ."

राहीबाईंनी तवा ठेवला. सुकट तडतडायला लागली तसा त्यांचा हात सवयीनं खिडकी ओढायला गेला. बाबासोंनी ती पुन्हा सताड उघडली. वास बोळात गेला, दोन पाइपांच्या शेजारून वर चढला, जिन्यात घुसला. दोन मिनिटांत वर कुठंतरी दार वाजलं, चपला थांबल्या, आणि कठड्यावरून राऊळांचा आवाज खाली आला.

"सुकट कुणाकडे भाजतायत हो?"

राहीबाईंचा उलथणं धरलेला हात जागीच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

बाबासोंनी दाराशी जाऊन मान वर केली.

"आमच्याकडं!" ते ओरडले, बाजारात शेवटच्या माळ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसे. "तळमजल्याला!"